परसातली पक्षीगणना: तेच बुलबुल पुन्हा पुन्हा आले तर मोजायचे कसे?

परसदारी:

नमस्कार. आम्ही वाईला एका जुन्या घरात राहतो. घरामागे जेमतेम दीड गुंठ्याचे परस असून त्यात एक शेवगा, दोन पेरू, पारिजातक, जास्वंदीचे दाट कुंपण आणि आता वापरात नसलेला एक आड आहे. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये यंदा आपण भाग घ्यायचाच, असे माझ्या चौथीतल्या नातीच्या मनाने घेतले आहे. किमान पंधरा मिनिटे एका जागी बसून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ती यादी ‘ई-बर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा त्याच्या ॲपवर भरायची, एवढे आम्हांला समजले आहे. मात्र प्रत्यक्ष मोजायला बसल्यावर जे प्रश्न पडले, त्यांची उत्तरे मला कोठे नीट मिळाली नाहीत.

रंगीत तालीम म्हणून गेल्या रविवारी सव्वासात ते पावणेआठ आम्ही दोघी मागच्या ओट्यावर वही घेऊन बसलो. बुलबुल दिसला की मी एक रेघ मारत होते. अर्ध्या तासाने रेघा मोजल्या तर तेवीस भरल्या. नात म्हणाली, “आजी, बुलबुल तीनच होते, तेच पेरूवरून शेवग्यावर जात होते.” तिचे म्हणणे बरोबर असावे, परंतु मग तीन लिहायचे की तेवीस, हे आम्हांला ठरवता आले नाही. दुसरी अडचण अशी की भारद्वाज अजिबात दिसला नाही, पण शेजारच्या चिंचेतून त्याचे ‘हूप हूप’ सतत चालू होते, आणि घार तर घराच्या बरीच वरून गिरक्या घेत गेली, ती आमच्या परसात उतरलीच नाही. या दोघांना यादीत जागा आहे का? तिसरी अडचण जास्वंदीतल्या एका पाखराची. चिमणीहून लहान, वरून पोपटी झाक असलेला मातकट रंग, डोळ्यावरून फिकट रेघ, आणि क्षणभरही एका जागी न बसण्याचा स्वभाव. त्याला आम्ही काय म्हणायचे? शिवाय समोरच्या घरी पिंजऱ्यात एक पोपट आहे, तोही धरायचा, असा नातीचा आग्रह आहे.

मी रोज सकाळी आडाच्या कठड्यावर भाताची शिते आणि पाणी ठेवते. गणनेच्या दिवशी ते ठेवले तर ती लबाडी ठरेल का, हेही सांगावे. आमचे यजमान मात्र या सगळ्याकडे पाहून हसतात आणि कावळे-चिमण्या मोजून कोणाचे काय भले होणार, असे विचारतात. त्यांना देण्याजोगे उत्तर अद्याप माझ्याजवळ नाही.

सह्यकाठ:

ताई, नातीला माझ्याकडून शाबासकी सांगा. एका यादीत एक पक्षी एकदाच मोजायचा, हा गणनेचा मूळ नियम आहे, आणि तो तिने न सांगता ओळखला. रेघा मारल्याने आपण पक्ष्यांऐवजी त्यांच्या फेऱ्या मोजतो. एकाच वेळी जास्तीत जास्त किती बुलबुल नजरेसमोर होते, ते पाहावे. तीन असतील तर तीन लिहावेत. नंतर कधी चार एकत्र दिसले, तर तिनावर काट मारून चार करावेत. मात्र हे आकडे डोळे मिटून लावण्याचे कारण नाही. समोर तीन लालबुड्या बुलबुल बसलेले असताना त्याच क्षणी घराच्या दुसऱ्या अंगाने चौथ्याचा आवाज आला, तर तो चौथा निःसंशय वेगळाच आहे आणि त्याला धरायला हरकत नाही. सूर्यपक्ष्यांचे तर आणखी सोपे आहे: आधी एकटा नर दिसला आणि दहा मिनिटांनी एकटी मादी आली, तर दोघे एकत्र दिसले नसले तरी पक्षी दोनच. नजरेसमोर वेगवेगळे किती पक्षी येऊन गेले, याचा प्रामाणिक अंदाज म्हणजे तो आकडा.

हा नियम एका यादीपुरताच आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. सकाळी एक यादी केली आणि संध्याकाळी पुन्हा पंधरा मिनिटे बसून दुसरी केली, तर तेच तीन बुलबुल दुसऱ्या यादीतही तीन म्हणूनच येतील. सकाळचे वजा करायचे नाहीत. चारही दिवस, दिवसातून दोन-तीनदा, अशा छोट्या याद्या कराव्यात. एकदाच चार तास बसून केलेल्या लांबलचक यादीपेक्षा त्या अधिक उपयोगी पडतात आणि नातही कंटाळणार नाही. तुम्ही दोघी मिळून मोजत असल्याने यादी एकच करावी आणि निरीक्षकांच्या रकान्यात दोन लिहावे.

भारद्वाज अवश्य लिहावा. आवाजावरून खात्रीने ओळखलेला पक्षी दिसलेल्या पक्ष्याइतकाच ग्राह्य असतो. परसातल्या गणनेत निम्मा भार कानांवर असतो, असे मी म्हणेन: तांबटाची ‘टुक टुक’ अर्धा मैल ऐकू येते, पण पानांच्या रंगाचा तो पक्षी शोधताना मान अवघडते, शिंपी एवढासा, पण आवाज असा की अनोळखी माणसाला वाटावे कुंपणात कोणी मोठे पाखरू आहे. घारही लिहावी. ई-बर्डमध्ये वरून उडत गेलेले पक्षीही धरतात. पिंजऱ्यातला पोपट मात्र मोजू नये, कारण तो तेथे स्वतःहून आलेला नाही. (जाता जाता: आपले देशी पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. समोरच्यांना हे कसे सांगायचे, ते तुम्ही जाणता.)

आता तुमचे जास्वंदीतले पाखरू. हिवाळ्यात आपल्याकडे उत्तरेकडून येणाऱ्या पर्णवटवट्यांपैकी ते असावे, आणि परसबागेत दिसणाऱ्यांत ग्रीनिश वॉर्बलर हा सर्वांत नेहमीचा. तो ‘च्यीवी’ असे दोन अवयवांचे काहीतरी बारीक पण धारदार बोलतो आणि पानांखालचे किडे वेचत फांदीच्या टोकांवर नाचत राहतो. पण माझे ऐकून तुम्ही ते नाव लिहू नका. मी तो पक्षी पाहिलेला नाही, आणि याच कुळातले बरेच जण एकमेकांसारखे दिसतात. ई-बर्डमध्ये अशा वेळेसाठी ‘या गटातील कोणतातरी’ अशा अर्थाच्या नोंदी असतात. तेथे पर्णवटवट्यांची, म्हणजे ‘लीफ वॉर्बलर’ची, गटनोंद निवडावी. एखादे पाखरू ओळखता आले नाही म्हणून तुमची यादी अपुरी ठरत नाही. यादी भरताना शेवटी एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सर्व पक्षी तुम्ही लिहिले आहेत का? येथे अनेकजण ‘सर्व’ या शब्दाला घाबरून ‘नाही’ म्हणतात. त्या प्रश्नाचा अर्थ एवढाच आहे की ओळखू आलेल्यांपैकी कोणाला तुम्ही मुद्दाम वगळले नाही ना. कावळा काय लिहायचा, असे म्हणून त्याला गाळले असेल तरच उत्तर ‘नाही’ आहे.

कावळ्यावरून आठवले. वाईला गावकावळा आणि डोमकावळा दोन्ही असणार. मान राखाडी असेल तर गावकावळा, सगळाच काळाकुळकुळीत आणि चोच जाड असेल तर डोमकावळा. श्राद्धाच्या दिवशी आपण ज्याची इतकी आर्जवे करतो, त्याची मान एरवी कधी निरखून पाहिलेली नसते. बुलबुलांतही शेपटीखाली लाल आणि डोके काळे तो लालबुड्या, तर डोक्यावर टोकदार तुरा आणि गालावर तांबडा ठिपका असेल तो शिपाई बुलबुल. तुमच्या तेवीस रेघांत दोन्ही मिसळले असण्याची शक्यता आहे.

आवाज ओळखण्यासाठी ‘मर्लिन’ हे ॲप वापरणार असाल तर एक विनंती. ते चांगले आहे, मीही वापरतो, परंतु ते सुचवते, ठरवायचे आपण. त्याने सुचवलेला पक्षी स्वतः पाहिल्याशिवाय किंवा त्या आवाजाची स्वतः खात्री केल्याशिवाय यादीत घालू नये. कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, आणि अशा नकलेला ॲपही फसते.

लेस्टरकर:

वरचे सर्व वाचून मला माझी पहिली चूक आठवली, म्हणून लिहितो. मी इंग्लंडमध्ये राहतो. येथे जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारच्या सुमारास ‘आरएसपीबी’ या पक्षिसंवर्धन संस्थेची ‘बिग गार्डन बर्डवॉच’ होते. १९७९ साली ती मुलांचा उपक्रम म्हणून सुरू झाली आणि आता दर वर्षी पाच लाखांहून अधिक लोक तीत भाग घेतात. तिचे नियम ई-बर्डपेक्षा वेगळे आहेत. बरोबर एक तास बसायचे, बागेत उतरलेलेच पक्षी धरायचे, वरून उडत गेलेला सोडून द्यायचा, आणि प्रत्येक जातीचे एका वेळी दिसलेले सर्वांत जास्त पक्षी तेवढे लिहायचे. मी दोन वर्षे याच सवयीने मोजले आणि मग फेब्रुवारीत सुट्टीला सांगलीला आलो असता आईच्या गच्चीवरून ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटची यादी केली. तीत डोक्यावरून गेलेले पंधरा-वीस बगळे आणि सगळ्या घारी मी प्रामाणिकपणे वगळल्या! इकडच्या संस्थेचे पत्रक वाचून तिकडच्या गणनेला लागू करू नये, एवढाच माझा मुद्दा. संकेतस्थळांवर दोन्हींच्या सूचना मिसळून लिहिलेल्या आढळतात, म्हणून परसदारीताईंचा गोंधळ मला स्वाभाविक वाटतो.

एक गंमत म्हणजे येथील गणनेत गेली अनेक वर्षे पहिला क्रमांक चिमणीचा लागतो, आणि तरीही तिची संख्या पहिल्या गणनेच्या मानाने निम्म्याहून अधिक घटल्याचे याच आकड्यांवरून दिसले. रोज दिसणारा पक्षी कमी होतोय, हे कोणाच्या नजरेने टिपले नसते. ते वह्यांनी टिपले.

अंकगणिती:

यजमानांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण तो प्रश्न थट्टेत विचारलेला असला तरी योग्य आहे.

तुमच्या एका यादीने काहीही सिद्ध होत नाही. तीन बुलबुल हा आकडा स्वतःपुरता निरर्थक आहे. परंतु ‘पूर्ण’ म्हणून खूण केलेल्या, म्हणजे त्या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलेल्या, यादीत जे लिहिलेले नाही तेही एक प्रकारे लिहिलेले असते, आणि खरी किंमत त्याची आहे. समजा, वाई परिसरातून शंभर पूर्ण याद्या आल्या आणि त्यांतल्या सत्तरांत चिमणी आहे. दहा वर्षांनी पुन्हा शंभर आल्या आणि चिमणी चाळिसांतच निघाली. प्रत्येक यादीत चिमण्या किती होत्या याचे अंदाज चुकलेले असले, तरी ‘शंभरांत किती याद्यांत दिसली’ हे प्रमाण बऱ्यापैकी विश्वासार्ह राहते. म्हणूनच वेळ किती घालवला, जागा एकच होती का, कोणाला वगळले का, हे प्रश्न ई-बर्ड विचारते; ते सोपस्कार नाहीत. तुम्ही ओट्यापासून आडापर्यंत गेलात-आलात तरी यादी एका जागची धरली जाते, पण पुढच्या गल्लीत फेरी मारली तर ती चालत केलेली यादी होते व अंतर नोंदवावे लागते.

ही गणना अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी १९९८ साली सुरू केली. २०१३ पासून ती जगभर होते, आणि भारतातील सहभागही त्याच वर्षापासूनचा आहे. ‘बर्ड काउंट इंडिया’ आपल्याकडचे काम पाहते. या आणि एरवी वर्षभर भरल्या जाणाऱ्या याद्यांचे पुढे काय होते, हे पाहायचे असेल तर ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल पाहावा. २०२३ च्या अहवालात सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींच्या आधारे ९४२ जातींचा विचार झाला. या नोंदी पगारी शास्त्रज्ञांच्या नाहीत. बव्हंशी तुमच्या-आमच्यासारख्यांच्या आहेत.

त्याआधीच्या, म्हणजे २०२० च्या अहवालातील चिमणीचा निष्कर्ष यजमानांना जरूर सांगा. देशभरातून चिमणी नाहीशी होत चालली आहे, असा सर्वांचा समज होता. याद्यांनी दाखवले की देश एकत्र पाहता ती बरीचशी टिकून आहे, पण मुंबईसारख्या सहा महानगरांत मात्र घटली आहे. अहवालाला हा फरक दाखवता आला, कारण लहान गावांतल्या कोणीतरी ‘चिमणी काय लिहायची’ असे न म्हणता ती लिहिली होती. दुर्मीळ पक्ष्यामागे कॅमेरे घेऊन धावणारे पुष्कळ आहेत. वाईच्या परसातली साळुंकी लिहिणारे थोडे आहेत. माझे मत विचाराल तर या चार दिवसांत जातींची संख्या वाढवण्याची जी चढाओढ लागते, ती गणनेला फारशी उपकारक नाही. गावातले लोक परस सोडून तळ्यावर धावतात आणि परस मोजायचेच राहते.

भाताबद्दल: रोज ठेवत असाल तर त्या दिवशीही ठेवा. फक्त गणनेसाठी दुप्पट करू नका. धान्य टाकण्याबद्दल मात्र मी सावध राहीन. पारवे वाढत असल्याचे याच अहवालांत दिसते, आणि ज्वारीची पोती ओतणाऱ्यांचा त्यात वाटा असावा, असे मला वाटते. पाणी ठेवणे सर्वांत चांगले; भांडे पसरट आणि उथळ असावे व रोज घासलेले असावे.

गॅलरीतून:

मी डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहते. ज्यांच्याकडे परस नाही त्यांच्यासाठी लिहिते, की गणनेच्या नावात बाग असली तरी गॅलरी, गच्ची, शाळेचे मैदान काहीही चालते. माझी गेल्या वर्षीची एक यादी पारवे अकरा, कावळे सहा, घार एक आणि तांबटाचा आवाज, इतकीच होती, आणि ती भरताना मला थोडी लाज वाटली होती. वरचे वाचून ती गेली.

एक व्यावहारिक सूचना करते. ई-बर्डवर घरची जागा नोंदवताना तिला नाव द्यावे लागते आणि ते नाव इतरांना दिसू शकते. तेथे आडनाव, घरक्रमांक असे काही लिहू नका. ‘वाई, परसबाग’ एवढे पुरे. चारही दिवस तीच एक जागा निवडा. दर वेळी नवी खूण टाकली तर एकाच परसाच्या चार जागा होतात. गणनेसाठी वेगळी नोंदणी लागत नाही, त्या चार दिवसांतली यादी आपोआप धरली जाते. वहीत लिहून रात्री सावकाश भरली तरी चालते, फक्त तारीख आणि सुरुवातीची वेळ मोजणीची लिहा, भरण्याची नव्हे. ही शेवटची चूक मी केलेली आहे. माझ्या नावावर रात्री साडेदहाला पाहिलेली एक साळुंकी बराच काळ होती.

परसदारी:

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा तालीम केली. सव्वासात ते साडेसात, वाऱ्याचे नाव नव्हते. लालबुड्या बुलबुल दोन, शिपाई बुलबुल एक (सह्यकाठ यांचा तर्क खरा निघाला), साळुंक्या चार, चिमण्या पाच, गावकावळे तीन, डोमकावळा एक, जांभळ्या सूर्यपक्ष्याची जोडी, शिंपी एक, दयाळ एक, भारद्वाज आवाजावरून एक, आणि जास्वंदीतले ते पाखरू गटनोंदीत एक. यजमान ओट्यावर येऊन बसले होते. डोमकावळा त्यांनी दाखवला.

परंतु शेवटच्या मिनिटाला नवीनच पेच पडला. शेवग्यावरून भोरड्यांचा मोठा थवा पूर्वेकडे, ज्वारीच्या रानांच्या दिशेने गेला. आम्ही तोंड वर करून पाहतच राहिलो. नात म्हणाली हजार, मी म्हणाले शंभर. ॲपमध्ये मोठा आकडा घातला तर ते खुलासा विचारते, असेही ऐकले आहे. अशा वेळी काय लिहावे?

सह्यकाठ:

थव्याच्या एका टोकाचे दहा पक्षी नीट मोजावेत. ते आकाशात किती जागा व्यापतात, हे नजरेत धरावे आणि तेवढाच तुकडा उरलेल्या थव्यावर किती वेळा बसतो, ते पाहावे. पंधरा वेळा बसला तर दीडशे. थवा फार मोठा असेल तर दहाऐवजी पन्नासाचा तुकडा घ्यावा. सवय नसलेल्या माणसाचा अंदाज मोठ्या थव्याच्या बाबतीत बहुधा कमीच निघतो, म्हणून तुमच्या शंभरापेक्षा खरा आकडा मोठा असण्याचा संभव आहे. नातीच्या हजाराबद्दल मात्र मी जामीन राहणार नाही. अंदाजही करता येत नसेल तर आकड्याच्या जागी इंग्रजी ‘एक्स’ लिहिण्याची सोय आहे, तिचा अर्थ ‘होता, पण मोजला नाही’ असा. तरी पण ढोबळ आकडा ‘एक्स’पेक्षा केव्हाही बरा.

ॲपने खुलासा मागितला तर गोंधळून जाऊ नये. त्या भागात, त्या महिन्यात नेहमी दिसतो त्यापेक्षा आकडा मोठा असला की तो प्रश्न येतो. ‘ज्वारीच्या रानांकडे जाणारा थवा, दहा-दहाचे तुकडे करून मोजला’ एवढे एक वाक्य लिहावे. पुढे स्थानिक परीक्षक ते वाचतात आणि गरज वाटली तर तुम्हांला पत्र लिहून विचारतात. त्यात हेत्वारोप नसतो. मला स्वतःला आजवर अशी चार पत्रे आली आणि त्यांतल्या दोनांत मीच चुकलेलो होतो.

सरावासाठी नातीला ताटात मूठभर तूरडाळ टाकून दोन सेकंदांत अंदाज करायला सांगा आणि मग दाणे मोजून घ्या.

परसदारी:

डाळीचा प्रयोग आज रात्री केला. माझा अंदाज साठ, नातीचा दोनशे, यजमानांचा ऐंशी. दाणे निघाले एकशे चौदा. कालच्या थव्याला आम्ही तिघांच्या संमतीने दीडशे लिहिणार आहोत, आणि खुलाशात तुकड्यांऐवजी ‘अंदाजे’ असेच लिहू, कारण तुकडे पाडून मोजायचे हे तेव्हा ठाऊक नव्हते.